गुपित कोणाचे? गुप्तरोगांचा डॉक्टर आणि त्याचे मौन

बोलीत या रोगांना 'गर्मी' आणि 'परमा' अशी रोखठोक नावे आहेत. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने 'भावप्रकाशा'त त्यांतल्या एकाला 'फिरंग' म्हटले आणि दोष परक्याच्या पदरात टाकला. छापील मराठीत मात्र 'गुप्तरोग' हाच शब्द रूढ झाला. यातले 'गुप्त' शरीराच्या झाकलेल्या भागाकडे बोट दाखवते की घराने झाकून ठेवलेल्या गोष्टीकडे, हे ठरवणे अवघड आहे. रोग गुप्त खरा, पण कोणापासून गुप्त? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकाच माणसाच्या हाती राहिले आहे. तो म्हणजे डॉक्टर. त्याने काय उपचार केले याचा इतिहास वैद्यकाच्या पुस्तकांत मिळतो. त्याने कोणाचे गुपित राखले आणि कोणाचे चव्हाट्यावर आणले, हा इतिहास कायद्यांतून आणि नाटकांतून वाचावा लागतो.

सुरुवात आपल्या जवळून करू. इंग्लंडमध्ये १८६४ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा झाला आणि १८६८ साली तशाच स्वरूपाचा कायदा हिंदुस्थानात आला. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला. गोऱ्या सैनिकांचे आरोग्य राखणे हा अशा कायद्यांमागचा मुख्य हेतू होता. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रीने आपले नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी डॉक्टरपुढे तपासणीसाठी उभे राहायचे आणि रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये दाखल व्हायचे. चुकली तर शिक्षा. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाचे नाव कोणत्याही वहीत येत नव्हते आणि त्याच्यावर अशा तपासणीची सक्तीही नव्हती. इथे डॉक्टरचे काम उपचाराचे कमी आणि दाखला देण्याचे जास्त होते. बाईचा रोग सरकारी कागदावर उघडा आणि पुरुषाचा रोग गुप्त, अशी ही वाटणी होती. इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर यांनी या कायद्यांविरुद्ध दीर्घकाळ चळवळ केली. तिकडचे कायदे १८८६ मध्ये रद्द झाले, इकडचा १८८८ मध्ये. बटलर यांच्या टीकेचा रोख या दुटप्पीपणावरच होता.

लॉक हॉस्पिटलपासून मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आलो की चित्र नेमके उलटते. इब्सेनच्या 'गोस्ट्स' (१८८१) या नाटकात पॅरिसचा एक डॉक्टर आहे, पण तो रंगमंचावर येत नाही. त्याचे निदान ऑस्वाल्डच्या तोंडून कळते. डॉक्टर रोगाचे मूळ बापाकडे दाखवतो. मुलगा आईची पत्रे पुढे करून बापाचे चारित्र्य निर्मळ असल्याचे पटवून देतो आणि डॉक्टर आपले अनुमान मागे घेतो. म्हणजे घराने जपलेल्या एका खोट्यापुढे वैद्यकाला हार मानावी लागते. उपदंश मुलापर्यंत पोहोचतो तो गरोदरपणात बाधित आईमार्फत, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या हिशेबाने इब्सेनचे वैद्यक डळमळीत ठरेल, परंतु पत्रांतल्या त्या खोट्याविषयीची त्याची समज अचूक आहे.

वीस वर्षांनी हा डॉक्टर रंगमंचावर आला. यूजीन ब्रियू या फ्रेंच नाटककाराने 'लेझाव्हारिए' हे नाटक १९०१ मध्ये लिहिले आणि आल्फ्रेड फूर्निए यांना अर्पण केले. फूर्निए हे पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले उपदंशाचे ख्यातनाम तज्ज्ञ. उपदंश आणि विवाह या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १८८० मध्ये निघाला होता. नाटकावर फ्रान्समध्ये बंदी आली. ती उठून पॅरिसमध्ये प्रयोग व्हायला १९०५ साल उजाडले. पुढे 'डॅमेज्ड गुड्स' या नावाने ते इंग्रजीत पोहोचले आणि ब्रियूच्या तीन नाटकांच्या १९११ मधील इंग्रजी संग्रहाला बर्नार्ड शॉ यांनी दीर्घ प्रस्तावना लिहिली.

नाटकातल्या डॉक्टरला नाव नाही, तो नुसता 'डॉक्टर' आहे. लग्न ठरलेला एक तरुण त्याच्याकडे येतो. आणखी काही वर्षे लग्न करू नकोस, असे डॉक्टर त्याला बजावतो. तरुण दुसऱ्या, झटपट बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्या वैद्याकडे जातो आणि लग्न उरकतो. पुढे बाळ रोगट निघते आणि त्याला पाजणारी दाई धोक्यात येते. दाईला सत्य सांगण्याऐवजी पैसे देऊन ठेवून घ्यावे, असा घरच्यांचा विचार असतो. सासरा संतापून डॉक्टरकडे येतो. मुलीच्या घटस्फोटासाठी त्याला दाखला हवा आहे. डॉक्टर नकार देतो, कारण व्यवसायाची शपथ त्याला बांधून ठेवते. उलट तो सासऱ्यालाच विचारतो, जावयाच्या मिळकतीची चौकशी केलीत, मग प्रकृतीची का केली नाहीत?

हा प्रश्न बिनतोड आहे आणि नाटकाचे बळही त्यातच आहे. तरीही आज वाचताना एक गोष्ट खटकत राहते. डॉक्टरचे मौन नियमाला धरून आहे, पण त्याची किंमत मोजतात पत्नी, बाळ आणि दाई. लॉक हॉस्पिटलातल्या डॉक्टरचे बोलणे आणि पॅरिसच्या डॉक्टरचे न बोलणे परस्परविरोधी वाटते खरे, पण दोन्हीकडे झाकला जातो तो पुरुषच.

नंतर वैद्यक वेगाने पुढे गेले. १९०५ मध्ये उपदंशाचा जंतू सापडला, १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तचाचणी आली, १९१० मध्ये एर्लिश आणि हाता यांचे साल्व्हर्सान आणि १९४३ पासून पेनिसिलिन. रोग बरा होऊ लागला तसा ब्रियूचा पेच मागे पडला. नाटकही ग्रंथालयांच्या कपाटात गेले.

एड्सने तो पेच परत आणला. निदान हाती होते, औषध नव्हते. डॉक्टर पुन्हा फूर्निएंच्या काळात जाऊन उभा राहिला. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केले, त्यातून त्याच्या एच.आय.व्ही. संसर्गाचा पत्ता लागला आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला म्हापशात ६४ दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. लॉक हॉस्पिटलची ही शंभर वर्षांनंतरची आवृत्तीच. या वेळी कोंडलेला पुरुष होता, एवढाच फरक.

ब्रियूच्या तिसऱ्या अंकाची आठवण मात्र सर्वोच्च न्यायालयाने करून दिली. 'मि. एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या १९९८ च्या खटल्यात रुग्णाचा संसर्ग रुग्णालयाकडून उघड झाला होता आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले होते. न्यायालयाने गोपनीयता मान्य केली, परंतु नियोजित वधूचा जगण्याचा हक्क तिच्यावर ठेवला. त्याच ओघात अशा रुग्णाचा विवाहाचा हक्क स्थगित असल्याचेही म्हटले. २००२ मध्ये न्यायालयाने विवाहाविषयीची ती मते अनावश्यक होती असे स्पष्ट केले. गोपनीयतेच्या मर्यादा ठरवणाऱ्या या निकालातही रुग्ण आणि रुग्णालय दोघेही नुसत्या अक्षरांआड राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यानंतरचा मजकूर २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्यात सापडतो. तो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. रुग्णाने स्वतःच जोडीदाराला सांगावे यासाठी डॉक्टरने किंवा समुपदेशकाने आधी त्याच्याशी बोलायचे. तो सांगणार नाही अशी खात्री झाली आणि जोडीदाराला खरोखर धोका असला, तरच रुग्णाला कल्पना देऊन पुढचे पाऊल टाकायचे. शिवाय सांगण्यामुळे, विशेषतः बाधित स्त्रीवर, मारहाण होण्याची किंवा तिला घराबाहेर काढले जाण्याची वाजवी भीती असेल तर सांगायचे नाही. गुपित फुटल्यावर बाईचे घरात काय होते, याचा विचार कायद्याच्या भाषेत येईपर्यंत १८६८ पासून जवळजवळ दीडशे वर्षे गेली.

डॉक्टरकडे आता तिसरी भूमिका आली आहे. पोलिसाचीही नव्हे, पुतळ्याचीही नव्हे. रुग्णाच्या तोंडून सत्य बाहेर येईल इतका विश्वास आणि वेळ त्याला देण्याची ही भूमिका आहे. ती अवघड आहे आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तर फारच अवघड. वर्गात 'गोस्ट्स' शिकवताना आनुवंशिकता आणि नियती यांवर आपण पुष्कळ बोलतो. त्याबरोबर एक साधा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवून पाहावा: या घरात कोणाला काय ठाऊक आहे, केव्हापासून ठाऊक आहे, आणि ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याला ते सर्वांत शेवटी का कळते?