‘अँथम’ : सादाला प्रतिसाद

राष्ट्रगीताला इंग्रजीत ‘नॅशनल अँथम’ म्हणतात, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र हा ‘अँथम’ शब्द रणभूमीवर वा राजदरबारात नव्हे, तर ख्रिस्तमंदिरात वाढला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्याचे मूळ ग्रीक आहे. ‘अँटी’ म्हणजे समोरून आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. एका बाजूच्या स्वराला दुसऱ्या बाजूने दिलेला स्वर तो ‘अँटिफोन’. मठवासी दोन रांगांत समोरासमोर राहून स्तोत्रांचे चरण आळीपाळीने गात. स्तोत्राच्या आधी व नंतर गावयाच्या छोट्या पदालाही पुढे हेच नाव मिळाले. जुन्या इंग्रजीत त्याचे ‘अँटेफ्न’ झाले आणि झिजत झिजत ‘अँथम’ उरले.

पश्चिमेकडे या गायनाने मूळ धरले ते संकटात. इ. स. ३८६ मध्ये बालसम्राटाची आई जस्टिना हिने मिलान येथील ख्रिस्तमंदिर एरियन पंथीयांसाठी मागितले. बिशप संत अँब्रोज यांनी ते देण्यास नकार दिला. भाविक रात्रंदिवस मंदिरात पहारा देत बसले. त्यांत संत मोनिकाही होत्या. लोकांचे धैर्य खचू नये म्हणून पूर्वेकडील पद्धतीने स्तोत्रे व गीते गाण्यास तेव्हा आरंभ झाला, असे संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे. संत अँब्रोज यांचे चरित्रकार पॉलिनस यांनीही मिलानमधील ‘अँटिफोन’चा आरंभ याच प्रसंगाशी जोडला आहे.

धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये शब्दाचा अर्थ पालटला. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात ‘अँथम’ हे गायनवृंदाने गावयाचे गीत आहे. १७४५ मध्ये लंडनच्या नाट्यगृहांत राजासाठी प्रार्थनागीत गाजले आणि पुढे त्यालाच ‘नॅशनल अँथम’ म्हणू लागले. ज्या शब्दात दोन आवाज होते, त्यात एकच उरला.

आमच्या मते ही केवळ शब्दाची कथा नाही. गायनवृंद सुरेल गातो आणि बाकांवरील आपण मुकाट्याने ऐकतो, तेव्हा आपल्या उपासनेतही तेच घडते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात भाविकांनी प्रतिसाद, स्तोत्रे व अँटिफोन यांत सहभागी व्हावे, असे स्पष्ट म्हटले आहे. बुवांच्या अभंगाला टाळकऱ्यांनी साथ दिली नाही, तर भजन रंगत नाही, हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास हवे? मिलानच्या भाविकांना गळ्याची परीक्षा द्यावी लागली नव्हती. त्यांनी ओ दिली, एवढेच. स्तोत्राचे धृपद आले की तेवढी ओ आपणही द्यावी.