वाड्यावरचा पाटील आणि कारखान्याचा चेअरमन: निळू फुले यांची कारकीर्द

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० च्या सुमारास पुण्यातल्या कष्टकरी कुटुंबात झाला. विशीच्या आतच ते लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून लागले. ऐंशी रुपयांच्या पगारातले दहा रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. सेवा दलाचे कलापथक ही त्यांची खरी नाट्यशाळा ठरली.

कलापथकाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यात समाजवादी विचार भरला. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा क्रम जुनाच. विषय मात्र निवडणूक, पुढारी, भाववाढ असे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यात फुले यांनी रोंग्याची भूमिका केली आणि ती लक्षात राहिली. वगातल्या नटाला पाठ केलेले भाषण पुरत नाही. समोरचा कलाकार आयत्या वेळी काय टाकेल याचा नेम नसतो. मैदानात बसलेली माणसे मध्येच बोलतात, त्यांनाही उत्तर द्यावे लागते. वाक्य नेमके कुठे थांबवायचे, हशा ओसरण्याआधी पुढचा शब्द किती हळू टाकायचा, हे फुले तिथे शिकले. पुढे शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने गावोगाव गर्दी खेचली आणि सिनेमावाल्यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील झेलेअण्णाने ते घराघरात पोहोचले. त्यानंतर बेरकी, बाईलवेडा, गावावर पकड असलेला पाटील म्हटला की त्यांचेच नाव पुढे येई. आवाज चढवणारे खलनायक मराठी पडद्याने पुष्कळ पाहिले होते. फुले यांचा पाटील आवाज खाली आणायचा. मान किंचित तिरकी, डोळे अर्धवट मिटलेले, घोगरा आणि संथ स्वर. दमदाटीची गरजच नाही, कारण गाव आपलेच आहे याची त्याला खात्री. खेड्यातल्या बायका या नटाला खरोखरच वाईट माणूस समजत. अभिनयाला याहून मोठी दाद मिळणे कठीण, पण या ठशाने त्यांची दुसरी बाजू बराच काळ झाकून ठेवली, हेही तितकेच खरे.

ती बाजू रंगभूमीवर दिसली. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ मार्च १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली उभे राहिले. चंपा होत्या लालन सारंग, सखाराम निळू फुले. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा, शिवराळ, मृदंग वाजवणारा हा बुकबाइंडर मराठी प्रेक्षकांना पेलणारा नव्हता. तेरा प्रयोगांनंतर सेन्सॉरने नाटक अडवले. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. फुले यांनी सखारामला राक्षस केले नाही. त्याचा ढोंगाबद्दलचा तिटकारा आणि त्याचा क्रूरपणा एकाच देहात नांदतात, हे त्यांनी कुठेही सारवासारव न करता दाखवले. म्हणूनच हा सखाराम मराठी रंगभूमीवरच्या थोर भूमिकांत मोजावा लागतो. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी वृद्ध गांधीवादी अप्पाजी उभे केले. वाड्यावरच्या पाटलाला सरावलेल्या प्रेक्षकाला तो नट ओळखून घ्यावा लागला असेल.

दरम्यान महाराष्ट्रातली सत्ता वाड्यातून उठून सहकारी साखर कारखान्यात, जिल्हा परिषदेत जाऊन बसली होती. १९७५ च्या सुमारास आलेल्या ‘सामना’ने हा बदल पडद्यावर आणला. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. फुले यांचे हिंदुराव धोंडे पाटील कारखान्याचे सर्वेसर्वा. दारूड्या मास्तरांना ते स्वतःच आसरा देतात, आणि तेच मास्तर नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करू लागतात. दोघांमध्ये एक विचित्र जिव्हाळा आहे. हिंदुरावांनी परिसराचा विकास घडवला आहे, त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे आणि त्याच हातांना रक्तही लागले आहे. फुले यांनी यातले काहीच सोडले नाही. ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरील ‘सिंहासन’मध्ये (१९७९) ते नेमके दुसऱ्या टोकाला होते: मंत्र्यांच्या दारोदार फिरणारा, सगळे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस.

हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’, ‘सारांश’ अशा चित्रपटांत ते दिसले. ‘सारांश’मधला गजानन चित्रे वगळता तिथे त्यांच्या हाती फारसे लागले नाही. १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला.

सेवा दलाशी जडलेले नाते त्यांनी कधी सोडले नाही. पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला जात होता, तेव्हा लागू, तनुजा यांच्यासह नामवंत कलाकारांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. फुले त्या दौऱ्यात होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीलाही त्यांनी वेळ दिला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचे निधन झाले.