डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या जादूगाराची पन्नास वर्षे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव इथे अमेरिकेत मुले वाढवलेल्या बहुतेक मराठी घरांच्या कानावरून गेलेले असते. तळघरात चार-पाच मुले, टेबलावर वीस पैलूंचे फासे, पिझ्झाचे खोके आणि तासन् तास चाललेली बोलाचाली. आता माझी नातही खेळते. तिला 'इल्यूजनिस्ट', म्हणजे भास निर्माण करणारा जादूगार, उभा करायचा होता. त्या निमित्ताने मी या पात्राचा इतिहास चाळला आणि त्यातच रमलो. कारण त्यात पन्नास वर्षे एकच प्रश्न घोळतो आहे: समोरच्याने खरा मानलेला भास कितपत खरा?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून निघाला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्यात जादूगार एकाच प्रकारचा होता, पण त्याच्या मंत्रांत 'फँटॅझमल फोर्सेस' होता. मनात येईल तो देखावा उभा करायचा आणि एकाग्रता असेपर्यंत टिकवायचा. कोणी जिवंत प्राण्याने हात लावला की तो नाहीसा. पण पाहणाऱ्याने खरा मानला, तर त्यातून होणारी इजाही खरी! आपल्या मयसभेत दुर्योधन फसला, तरी पाण्यात पडल्यावर निदान खऱ्या पाण्याने भिजला. इथे पाणीही खोटे आणि भिजणे मात्र खरे.

स्वतंत्र इल्यूजनिस्ट आला १९७५ च्या हिवाळ्यात. 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रात पीटर अ‍ॅरन्सन यांनी तो मांडला. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'ने त्याला अधिकृत जागा दिली. अट कडक होती: बुद्धी किमान १५ आणि हातचलाखी किमान १६. साध्या जादूगाराला नऊ पायऱ्यांपर्यंतचे मंत्र, याला सातच. पण जो भासमंत्र इतरांना तिसऱ्या पायरीवर मिळे, तो याला पहिल्याच पायरीवर.

वाद झाले ते सूत्रधाराशी, म्हणजे डंजन मास्टरशी. खेळाडू म्हणणार, मी भासाचा ड्रॅगन उभा केला, शत्रू घाबरून मेलाच पाहिजे. सूत्रधार म्हणणार, शत्रूने विश्वास का ठेवावा? नियम मोघम, त्यामुळे निकाल माणसावर.

आणि याच काळात बाहेर वेगळेच वादळ उठले. १९८३ साली पॅट्रिशिया पुलिंग यांनी मुलाच्या आत्महत्येनंतर या खेळाविरुद्ध संघटना काढली; १९८५ साली '६० मिनिट्स' या कार्यक्रमानेही विषय घेतला. मुलांना कल्पना आणि वास्तव यांतला फरक कळेनासा होतो, असा आरोप होता. परक्या देशात मुले वाढवणारे आम्ही आईबापही मंडळाच्या सहलीत हीच काळजी दबक्या आवाजात बोलून दाखवत होतो. आज वाटते, ज्यांना खरे-खोटे कळत नाही म्हणून आपण घाबरलो, ती मुले दर शनिवारी नेमका खऱ्या-खोट्याचाच काथ्याकूट करत होती. हा खेळ आत्महत्येकडे नेतो असे पुढच्या अभ्यासांतही आढळले नाही.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने इल्यूजनिस्टला जादूगारांच्या अनेक शाखांपैकी एक केले. भासाचे जास्तीचे मंत्र मिळाले, पण 'फायरबॉल'सारखे आगीचे मंत्र कायमचे बंद. मूळची कंपनी १९९७ साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने जुना वाद बराचसा मिटवला: भास नुसता दिसला म्हणून संशय येत नाही; तो निरखला किंवा त्याच्याशी संबंध आला, तरच फासा टाकायचा.

२०१४ च्या नियमांत हे आणखी सोपे झाले. शोधक नजरेचा फासा जादूगाराच्या आकड्याशी भिडतो. तो आकडा म्हणजे ८, अधिक कौशल्य, अधिक बुद्धीचा लाभ. सुरुवातीला बुद्धी १६ असेल तर ८, २ आणि ३ मिळून १३. म्हणून नातीला सांगितले, सर्वात चांगला फासा बुद्धीवर खर्च कर. 'सायलेंट इमेज' घे, पण ड्रॅगन उभा करू नकोस. भिंत, धुके, बंद दार असे काही उभे कर, ज्यावर कोणी शंका घेणार नाही आणि ज्याला लगेच हात लावणार नाही. आणि खेळ सुरू होण्याआधी सूत्रधाराशी बोलून घे. भासाचा जादूगार त्याच्या न्यायबुद्धीवरच जगतो.

याच नियमांत चौदाव्या पातळीला एक देणगी आहे. भासातली एक निर्जीव वस्तू मिनिटभर खरी होते: दरीवर पूल उभा केला तर त्यावरून चालत पलीकडे जाता येते. मात्र त्या वस्तूने कोणाला थेट इजा करता येत नाही. १९७४ साली भास माणूस मारू शकत होता. चाळीस वर्षांनी तो माणसांना पलीकडे पोचवू लागला. नात अजून तिसऱ्या पातळीवर आहे.