बटाटा (शब्द)

बटाटा : पोर्तुगीजमधून मराठीत रूढ झालेला शब्द. ‘बताता’ हे मुळात कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतील रताळ्याचे नाव. स्पॅनिशमार्गे ते पोर्तुगीजमध्ये आले आणि पुढे अँडीज पर्वतप्रदेशातील बटाट्यासही लावले गेले. वस्तुतः रताळे हरिणपदी कुलातील, तर बटाटा वांग्याच्या कुलातील आहे. पोर्तुगीजमध्ये रताळ्यास आता ‘बताता-दोसे’ (गोड बटाटा) म्हणतात. मराठीत मात्र दोन्ही नावे निराळी राहिली. त्यामुळे सतराव्या शतकातील यूरोपीय प्रवाशांनी उल्लेखिलेला ‘बताता’ म्हणजे बटाटाच, असे गृहीत धरता येत नाही; केवळ शब्दावरून पिकाच्या आगमनाचा काळ ठरत नाही. सातारा जिल्ह्यात पुसेगाव परिसर बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. सातारा-सांगली भागात हे दोन्ही परदेशी कंद उपवासासही चालतात.