दिंडीने सांभाळलेली म्हातारी माणसं

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. किती मुक्काम झाले, कोणी अन्नदान केलं, हा हिशेब बाकीचे माउली लिहितील. मी म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहितो, कारण दिंडीचा हा इतिहास भिशीच्या वहीत सापडत नाही.

तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून वारी नेली. पुढे सातारा भागातल्या आरफळचे हैबतबाबा यांनी 1832 च्या सुमारास आळंदीहून माउलींचा सोहळा वेगळा काढला. बाबा शिंदे सरकारच्या पदरी होते. फौजेतली शिस्त त्यांनी सोहळ्याला लावली, ती अजून चालते.

त्या शिस्तीतली समाजआरती बघा. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड वर करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ वाजवत राहायचं. चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकतात. हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, मग आरती. लाखांचा मेळा असला तरी एका दिंडीचं गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरती होत नाही.

म्हाताऱ्या माणसाला हेच पाहिजे असतं. म्हातारपणी भाकरी कमी लागते, पण ऐकणारं माणूस जास्त लागतं. पोरं कामाला शहरात, घरात दोनच जीव, त्यातला एक गेला की दिवसभर बोलायचं कोणाशी? मग माणूस खात नाही, झोपत नाही, "आता नेलं तर बरं" म्हणतो. लोक त्याला वय झालं म्हणतात. मला विचाराल तर ते एकटेपणाचं दुखणं आहे.

दिंडीनं यावर काम दिलं. पाय चालतात तोवर टाळ, पताका, वीणा. गुडघे गेले की गाडीवर बसून सामानाची राखण. पूर्वी बैलगाडी होती, आता ट्रक आहे, राखण तीच. म्हातारी बाया भाजी निवडतात. ज्याला जुन्या चाली पाठ, तो पोरांना चाल सांगतो. नातवाएवढा पोरगा त्याच्या पाया पडतो, तोही पोराच्या पाया पडतो. दोघंही माउली. घरी ज्याला कोणी विचारत नाही, त्याचा पंगतीत पाट रिकामा दिसला तर इथं शोधाशोध होते.

2020 आणि 2021 साली कोरोनामुळं पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. देवळं बंद होती. त्या दिवसांत आपली म्हातारी माणसं जास्त खचली. तेव्हा दिंडीतल्या पोरांनी संध्याकाळी फोनवर हरिपाठ धरला. ज्याचा आवाज आला नाही त्याच्या दारात सकाळी कोणीतरी उभं राहायचं. ती समाजआरतीच झाली म्हणायची.

आता काहीजण म्हणतात, फार वय झालेल्यांना दिंडीत घेऊ नये. रस्त्यावर गाड्या वाढल्या, बीपी-शुगरच्या गोळ्या, जबाबदारी कोणी घ्यायची? भीती खोटी नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आहे. पण ज्याला सगळी झेपत नाही त्याला वाखरीपासून चालवा. तेही झेपत नसेल तर ट्रकवर बसवा, गोळ्यांची वेळ एका पोराकडं द्या. जो गावीच राहील त्याला दर एकादशीला हाताला धरून देवळात आणा. वारी नातवाला दिली म्हणून आजोबा वारकरी राहत नाही असं नाही.

शंभर वर्षं दिंडी टिकली ती या माणसांच्या पायावर. त्यांचे पाय थकले म्हणून त्यांचं नाव वहीतून काढू नका.

रामकृष्ण हरी.