कार्डावरचा पाद्री

ज्युबिलीच्या पुस्तकांत धर्मगुरूंच्या कार्याचा गौरव यावा हें योग्यच आहे. परंतु धर्मगुरूंच्या थट्टेलाहि इतिहास आहे, आणि तो बराचसा पोस्टाच्या कार्डांवर छापला गेला आहे. वाचकांनीं दचकूं नये. आपल्या पाद्रीसाहेबांस हंसणारा मनुष्य आपला कीं परका, हें ओळखावयास हीं जुनीं कार्डें फार उपयोगीं पडतात.

पोस्टकार्ड प्रथम निघालें तें ऑस्ट्रियांत, १ ऑक्टोबर १८६९ रोजीं. आपल्या देशांत पाव आण्याचें कार्ड १ जुलै १८७९ पासून सुरू झालें. पुढें कार्डाच्या एका बाजूस चित्र छापण्याची रीत पडली व युरोपांत विनोदी कार्डांचा सुकाळ झाला. त्यांवर पोलिस, सासू व दारुडा ह्यांच्या पंक्तीस धर्मगुरूहि येऊन बसला. कारण साधें आहे. तळहाताएवढ्या जागेंत मनुष्य चटकन ओळखूं यावा लागतो, आणि पायघोळ झगा रेखाटला कीं पाद्री झाला. खालीं नांव लिहावयास नको.

जर्मन कार्डांवर बहुधा तळघरांत पिंपाजवळ बसून द्राक्षारसाची चव घेणारे मठवासी दिसतात. ह्या चित्रांचा मोठा कर्ता एडुआर्ड ग्रुट्झनर (१८४६–१९२५). हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या हातचा गुण ओळखून त्यास शिक्षणास लाविलें तें गांवच्या धर्मगुरूनेंच. खाल्ल्या मिठास तो जागला नाहीं असें कोणी म्हणेल; मला तसें वाटत नाहीं. त्याचे मठवासी खुशालचेंडू आहेत, पण दुष्ट नाहींत. इंग्लंडांत वॉल्टर डेंडी सॅडलर ह्यानें १८८० सालीं 'गुरुवार' नांवाचें चित्र काढिलें. मठवासी पाण्याकांठीं मासे धरीत आहेत, एवढाच विषय. पण शुक्रवारीं मांस वर्ज्य हें ज्यास ठाऊक, त्यासच नांवांतली गंमत कळते. आम्हां वज्रेश्वरीच्या बाजूच्या लोकांस तर तानसेकांठीं गळ टाकून बसलेला कोणीहि दिसला कीं तें चित्र आठवावें.

फ्रान्समधील गोष्ट निराळी. ९ डिसेंबर १९०५ रोजीं तेथें राज्य व चर्च ह्यांना विभक्त करणारा कायदा झाला. त्या झगड्याच्या काळांतील कार्डांवरचा पाद्री लठ्ठ व लोभी आहे; त्या हंसण्यांत दगड आहे. १९०६ सालीं सरकारी अंमलदार चर्चमधील वस्तूंची मोजदाद करावयास आले व कांहीं ठिकाणीं दारें फोडलीं गेलीं. तींहि छायाचित्रें कार्डांवर निघालीं. म्हणजे भांडण दोन्ही बाजूंनीं टपालांतून चाललें.

आपल्याजवळचें उदाहरण गोव्याचें. मारियो मिरांडा ह्यांचा जन्म २ मे १९२६ रोजीं दमण येथें झाला, गांव लोटली. लहानपणीं ते भिंतींवर चित्रें काढीत, म्हणून आईनें कोरी वही आणून दिली. बंगलोरच्या शाळेंत असतां पाद्र्यांचीं चित्रें काढिल्याबद्दल त्यांस बोलणीं बसलीं. गुरुजनांचा राग समजण्यासारखा आहे. समोर बसलेला मुलगा आपल्या नाकाचें माप घेत आहे हें कोणास रुचेल? पुढें ते मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत इतिहास शिकले. मित्रांकरितां हातानें पोस्टकार्डें रंगवून थोडे पैसेहि ते मिळवीत. १९४९, १९५० व १९५१ ह्या सालांच्या त्यांच्या सचित्र रोजनिशा कालांतरानें पुस्तकरूपानें निघाल्या.

फ्रेंच कार्डावरच्या पाद्र्यास गांव नाहीं. मारियोच्या पाद्र्यास गांव आहे, फेस्त आहे, लग्नाची गर्दी आहे, पायांत घोटाळणारीं कुत्रीं आहेत. ज्यानें त्याच्यापुढें गुडघे टेकले, त्यासच झग्याखालची चप्पल दिसते. मिरांडा ११ डिसेंबर २०११ रोजीं लोटलीसच वारले. २०१२ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें. जुन्या गोव्यास सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास गेलेले आपले लोक परततांना त्यांच्या चित्रांचीं कार्डेंहि पिशवींत घालून आणतात.