विद्यार्थी-विद्यार्थी लैंगिक छळ : शाळांची जबाबदारी (नवी मुंबई)

एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा केलेला लैंगिक छळ. यात अश्लील शेरे, नकोसा स्पर्श, छायाचित्रे पसरवणे येथपासून बलात्कारापर्यंत सारे येते. शाळांसाठीचे नियम मात्र प्रौढ आरोपी डोळ्यांपुढे ठेवून घडले, हे या विषयाचे मूळ दुखणे.

कायदा. बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; आरोपी अल्पवयीन असला तरी सूट नाही. हाताखालच्या कर्मचाऱ्याचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, एरवी मर्यादा सहा महिन्यांची. म्हणजे विद्यार्थ्याचे कृत्य दडवणे कायद्याच्या लेखी हलके ठरते. तरीही न कळवणे किरकोळ नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. ते न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न कळवणे हाच गंभीर गुन्हा, हे त्यातून ठसले.

आरोपी मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. वय 16 च्या पुढे आणि गुन्हा अतिगंभीर असेल, तरच त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का, याची प्राथमिक तपासणी होते. पीडित बालकाच्या काळजीची बाब बालकल्याण समितीकडे. नवी मुंबईत पोलीस आयुक्तालय एकच. पण वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, पनवेल रायगडमध्ये. दोन्ही जिल्ह्यांची मंडळे आणि समित्या वेगळ्या, त्यामुळे मुख्याध्यापकांनी आपला जिल्हा आधीच पक्का माहीत करून घ्यायला हवा.

शाळेतील यंत्रणा. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितली. ऑगस्ट 2024 मध्ये उघड झालेल्या बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचार प्रकरणानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचे आदेश निघाले. त्या प्रकरणात आरोपी शाळेतला सफाई कर्मचारी होता. वर्गमित्र आरोपी असेल तर दोघांना एकाच वर्गात बसवावे का, हा प्रश्न कॅमेऱ्याने सुटत नाही.

शिक्षा. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईतील एका आंतरराष्ट्रीय शाळेने वर्गातील मुलींविषयी व्हॉट्सॲपवर हिंसक लैंगिक मजकूर लिहिणाऱ्या 13-14 वर्षांच्या आठ मुलांना निलंबित केले. कायमचे काढून टाकणे मात्र अवघड, कारण शिक्षणहक्क कायद्याचे कलम 16 आठवीपर्यंत तशी हकालपट्टी नाकारते. प्रत्यक्षात पालकांना बोलावून दाखला घ्यायला सुचवण्याची वाट खुली राहते. ती पीडित मुलीच्या पालकांपुढे ठेवली गेली तर तो दुसरा अन्याय.

प्रतिबंध. मुंबईची ‘अर्पण’ ही संस्था शाळांत वैयक्तिक सुरक्षेचे धडे देते.